लशीतली राखण

थायोमर्सल हा शब्द बोरवाकडीत पहिल्यांदा उच्चारला तो मोतीराम गावंड्यानं, अंगणवाडीच्या पायरीवर उभं राहून, चष्मा कपाळावर ढकलून. तोवर गावाचं या शब्दावाचून काही अडलेलं नव्हतं.

मोतीरामला वाचायची खोड होती. पेपर-पुस्तकं नव्हे, लेबलं. एका साली सरकीचं बियाणं उगवलंच नाही आणि दुकानदारानं पिशवीवरचं बारीक अक्षर दाखवून हात झटकले, तेव्हापासून घरात येणारी प्रत्येक वस्तू तो आधी वाचून घ्यायचा. फवारणीच्या डब्यावरचा त्रिकोण लाल की पिवळा, साबणाचं वजन, बिस्किटाची तारीख. त्याची बायको दुर्गाबाई म्हणायची, बरं झालं माह्या आंगावर लेबल नोयतं, नाईतं यानं मले मांडवातूनच वापस केलं असतं.

दिवाळी होऊन गेली होती. पऱ्हाटी फुटून वावरं पांढरी पडली होती, वर आभाळ रोज दुपारी काळं होत होतं, आणि वेचायला बाया मिळत नव्हत्या. बाया ठरवायच्या म्हणून माणसं तेरवीच्या पंगतीतून उठून जात होती. मोतीरामचा मुलगा अनुप मालाच्या ट्रकवर ड्रायव्हर, गावातला कापूस भरून तेल्हाऱ्याच्या जिनिंगला नेणारा. तो या दिवसांत घरी आंघोळीपुरता येई. म्हणून सुनेला आणि नातीला लशीसाठी अंगणवाडीत न्यायचं काम मोतीरामवर आलं. सून आरती, मूर्तिजापूरची, बारावी सायन्स झालेली. नात स्वरा अजून मान धरायला शिकत होती. पहिली लस ती आजोळीच घेऊन आली होती, ही दुसरी, डांग्या खोकल्यासकट पाच रोगांवरची.

अंगणवाडीत प्रियदर्शनी सिस्टर निळा डबा उघडून बसली होती. ती अकोल्याच्या जुन्या शहरातली, या भागात नवीन. सकाळपासून दोन गावं करून आलेली. मोतीरामचा जीव वावरात अडकलेला, तो दारात उभ्या उभ्या पाय बदलत होता. नंबर लागला तेव्हा सवयीनं त्यानं हात पुढं केला.

"सिस्टर, शिशी दाखवा जरा."

सिस्टरला आजवर लोकांनी पुष्कळ काही दाखवलं होतं, खरूज, जुन्या गोळ्या, नवऱ्याचे मेसेज. शिशी कोणी मागितली नव्हती. तिनं दिली. अक्षर खसखशीएवढं होतं. मोतीरामनं मोबाईलवर फोटो काढला, दोन बोटांनी मोठा केला आणि पायरीवर, उजेडात जाऊन वाचला.

"थायो... मर्सल. हे काय व्हय?"

सिस्टर सुई भरायच्या तयारीत होती. ती म्हणाली की एका शिशीतून बऱ्याच लेकरांना द्यावी लागते, दर वेळी सुई आत जाते, तर आतलं औषध नासू नये म्हणून ते घातलेलं असतं.

"म्हणजे राखण."

"हो काका. राखण म्हणा."

"कायची बनते?"

इथं तिला औषधाची असं म्हणता आलं असतं. पण ती थकली होती, आणि थकलेल्या माणसाला खोटं सुचत नाही. "पाऱ्याचं असते," ती म्हणाली. "पण एकदम इतकुसं, आणि तो पारा आंगात राहत नाही, तो..."

तो काय करतो हे सांगायला समोर कोणी नव्हतं. मोतीरामनं आरतीच्या मांडीवरून पोरगी उचलली होती आणि तो पायऱ्या उतरला होता. आरती फ्रॉक, दुपटं, चप्पल गोळा करत मागं निघाली. रांगेतल्या बायांनी एकमेकींकडं पाहिलं, आणि पहिली बाई लेकरू घेऊन दाराकडं निघाली.

घरी दुर्गाबाई कोठीतून गहू काढत बसली होती. वऱ्हाडात उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरतात आणि किडे लागू नयेत म्हणून त्यात पारद टिकड्या ठेवतात, फडक्याच्या पुरचुंडीत बांधून. दुर्गाबाईनं तशीच एक पुरचुंडी नुकतीच सुपात काढून ठेवली होती. मोतीरामनं ती पाहिली आणि त्याला आयुष्यातला पहिला सिद्धांत सापडला.

संध्याकाळपर्यंत ओसरीवर सात-आठ माणसं जमली. शेजारच्या गल्लीतला गोपाल होता, त्याला नुकताच नातू झालेला. मोतीरामनं पुरचुंडी सगळ्यांपुढं धरली.

"आपन गव्हात हे टाकतो का नाई? टाकतो. पण दळाले नेतानी काढून घेतो. मंग चाळतो, निवडतो, मंग गिरणीत नेतो. यायनं त पारा टाकला, अन् काढाचं नावच नाई. राखण केली तशी राखणदारासगट लेकराच्या मांडीत."

ओसरीनं माना हलवल्या. तर्कात कुठं भोक नव्हतं. भोक असलंच तर ते जगात होतं.

खात्री म्हणून मोतीराम सुगतकडे गेला. सुगत चौकात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवायचा, दाखले, विमा, निकाल, सगळं. त्यानं शब्द टाकला, पान उघडलं आणि वाचायला लागला: हे पाऱ्याचं एक संयुग आहे. मोतीराम उठला. सुगत पुढं वाचत होता, की हे कशासाठी वापरतात, किती वापरतात, मासळीतून जातो तो पारा वेगळा आणि हा वेगळा, हा काही दिवसांत शरीराबाहेर पडतो, किती वर्षांपासून आणि किती देशांत तपासलं. पानभर मजकूर होता. तो सुगतनं एकट्यानं ऐकला.

त्यानंतर मोतीरामकडं लोक येऊ लागले. टूथपेस्ट घेऊन, गाईच्या इंजेक्शनची रिकामी बाटली घेऊन, एक म्हातारी तर कुंकवाची डबी घेऊन. साठीपर्यंत त्याला कोणी काही विचारलं नव्हतं, पाणी कधी सोडतो याशिवाय. आता माणसं ओसरीवर वाट पाहत बसत आणि तो वावरातून येऊन, हातपाय धुऊन, चष्मा पुसून शब्द वाचत असे. अर्थ सांगायची त्याला गरज पडत नव्हती. नुसता मोठ्यानं वाचला की शब्द वाईटच वाटायचा. अंगणवाडीकडं जाणाऱ्या बाया कमी झाल्या. आशाताई चंदा घरोघर फिरे, बाया चहा पाजत आणि म्हणत, मोतीरामभाऊ सांगतात तसं.

तालुक्याला सिस्टरची पेशी झाली. साहेबानं विचारलं, तुम्हाला खरं सांगायला कोणी सांगितलं होतं?

घरात मात्र आरतीला हा सिद्धांत पटला नव्हता. ती वाद घालत नसे. भाकरी थापता थापता एखादं वाक्य टाकायची आणि तवा उतरवायची.

"मामाजी, मूर्तिजापूरले पहिली देल्ली तवा काय झालं तिले?"

"झालं नाई म्हणून दुसऱ्या बारीनं घालाचं का?"

"खोकला येऊन राहिला गावात. डांग्या."

हे खरं होतं. खोकला आधी गोपालच्या गल्लीत ऐकू आला. गावानं तो मेळघाटाकडून वेचायला आलेल्या मजुरांवर टाकला, जरी ते लोक आले तेव्हा गल्ली आधीच खोकत होती. मोठ्या पोरांना तो यायचा तेव्हा ती भिंत धरून उभी राहत. खोक, खोक, खोक, मधे श्वासाला जागा नाही, तोंड जांभळं, डोळ्यांत पाणी, आणि शेवटी घशातून आत ओढलेला तो लांब आवाज. मग उलटी. मग पोर हसून पुन्हा खेळायला पळे. पाहणाऱ्याच्या छातीत मात्र तो आवाज बराच वेळ राहत असे. तान्ह्यांना तेवढा आवाजही काढता येत नाही, एवढं आरतीला ठाऊक होतं. ती रोज स्वराच्या छातीला कान लावायची. घरात वेचणीच्या बायांचा स्वयंपाक होता, बाहेर आभाळ गुरगुरत होतं, आणि तिचा एक कान सतत झोळीकडं.

एका सकाळी तिनं अनुपला गाडीच्या दारातच गाठलं. अनुप म्हणाला, बाबाले तूच सांग, माह्या गाडीत माल हाये. मग ती सासऱ्यापुढं येऊन उभी राहिली.

"राखण नोको त नोको," ती म्हणाली. "बिनाराखणीची आणा. कुठं भेटते ते पाहा, पण आणा. मी हिले अशी नाई ठेवत."

हे मोतीरामला मान्य होण्यासारखं होतं, कारण यात त्याचा शब्द मोडत नव्हता. त्यानं चौकशी केली. अकोल्यात खासगी डॉक्टरांकडे लागते ती लस एकेकट्या सुईत भरूनच येते, तिला राखण लागत नाही, असं कळलं. पोरीला डॉक्टरकडं न्यायचं सोडून मोतीराम एकटाच निघाला. बसच्या गर्दीत पोरगी कशाला खोकत्या माणसांत न्यायची, आणि आरती गेली तर बायांचा स्वयंपाक कोण करणार. शिवाय त्याच्या डोक्यात हे काम बियाण्याचं होतं. बियाणं आपण स्वतः जाऊन, फोडलेली नाही अशी पिशवी पाहून आणतो. पेरायला नंतर कोणीही चालतो. शेजारच्या गावी एक कंपाउंडर होता. तो पेरणार होता.

अकोल्यात मेडिकलच्या काउंटरवर मोतीरामनं खोका उघडून घेतला आणि आतला कागद दोन्ही अंगांनी वाचला. मागं रांग वाढली, कोणीतरी विचारलं, काका पेपर व्हय का. कागद इंग्रजी होता, मोतीराम एकेक अक्षर लावत थायोमर्सल शोधत होता. तो कुठंच नव्हता. जे शोधत होता ते नाही, एवढं वाचून त्यानं घडी घातली. दुकानदारानं लस बर्फाच्या पिशव्यांसोबत थर्माकोलच्या डब्यात दिली, फ्रिजमधी ठेवजा म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.

परतीच्या एसटीत मोतीरामनं डबा मांडीवर धरला. कंडक्टर म्हणाला, वर ठेवा. त्यानं ऐकलं नाही. शेजारच्यानं विचारलं, काय हाये, पेढे का. मोतीराम म्हणाला, लस. शेजारचा सरकून बसला.

घरी आल्यावर त्यानं फ्रिज उघडला आणि विचार केला. यात राखण नाही. तर राखण थंडीनं केली पाहिजे. आणि थंडी जितकी जास्त तितकी राखण पक्की. त्यानं वरच्या बर्फाच्या खान्यातून दुर्गाबाईचा बर्फाचा साचा काढला, खोका आत सारला आणि दार लावून हात झटकले. आरतीनं विचारलं, वर कावून ठेवली मामाजी, त्या कागदावर काय लिहेल हाये? मोतीराम म्हणाला, वाचला म्या कागद.

कंपाउंडर दोन दिवसांनी आला. मोतीरामनं खोका काढला तेव्हा सुई बर्फाची कांडी झाली होती. कंपाउंडरनं ती उन्हात पायरीवर ठेवायला सांगितली आणि चहा घेतला. वितळल्यावर आरतीनं ती उजेडाकडं धरली. पाणी वर राहिलं होतं आणि खाली पांढरे कण बसले होते, वेचताना मातीत सांडलेल्या कापसाच्या तुसासारखे. तिनं हलवली. कण फिरले आणि पुन्हा बसले.

"मामाजी," ती म्हणाली, "हे फाटलं."

कंपाउंडरनंही पाहिलं. तो इतका काही नियमाचा माणूस नव्हता, पण म्हणाला, गोठून फाटली, हे मी ढोरालेही नाई टोचनार. बॅग उचलून तो गेला.

मोतीराम उभाच होता. दुर्गाबाई बर्फाचा साचा परत वरच्या खान्यात ठेवत होती. ती पाठ न वळवता म्हणाली, "राखण नोयती ना त्यात."

त्या दिवसापासून मोतीरामचं ओसरीवर मन लागेना. कोणी काही वाचायला घेऊन आलं की तो चष्मा सापडत नाही म्हणायचा. चष्मा डोळ्यांवर असायचा. पण गावाला त्यानं काही सांगितलं नाही. काय सांगायचं ते त्याला ठरवता येत नव्हतं. लस फाटली याचा अर्थ पारा बरा, असा तर होत नव्हता. तो वावरात जाऊन बायांच्या मागं मागं फिरे, बोंडात राहिलेला कापूस दाखवी, आणि बाया त्याच्या पाठीमागं हसत.

गोपालच्या नातवाला खोकला लागला तो त्याच आठवड्यात. पोर दोन महिन्यांचं. खोकत नव्हतंच म्हणे, नुसतं थांबायचं. निळं पडायचं आणि थांबायचं, आणि आई हलवायची तेव्हा पुन्हा सुरू व्हायचं. अनुपनंच गाडीतला कापूस अर्ध्यावर उतरवून त्यांना अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात पोचवलं. परत आला तेव्हा अंगाला तूस चिकटलेलं, जेवला नाही. आरतीला एवढंच म्हणाला, नळी लावली त्याले.

गोपालचा फोन आला तेव्हा मोतीराम वावरात होता. आभाळ खाली आलेलं, वारा सुटलेला, बाया पदर खोचून ओळी आटपत होत्या. गोपालच्या मागं दवाखान्याचा गलका ऐकू येत होता. आवाजात राग नव्हता. राग असता तर मोतीरामला बरं वाटलं असतं.

"मोतीरामभाऊ, इथली डॉक्टरीनबाई इचारून राहिली का पोट्ट्याले लस कावून नाई देल्ली. म्या सांगतलं, त्यात काईतरी हाये म्हणून. ती म्हने काय हाये. मले तो शब्दच नाई आठोला, बापा. आमच्या घरात कोनालेच नाई आठवत. सांगता का? बाई थांबेल हाये."

मोतीरामनं ओळीतल्या बायांकडं पाहिलं. मग पाठ फिरवली.

"थायो," तो म्हणाला.

"थायो," गोपाल म्हणाला.

"मर्सल."

गोपालनं तो कोणाला तरी मोठ्यानं सांगितला, नीट, शाळेतल्या पोरासारखा.

"काय म्हने बाई?" मोतीरामनं विचारलं.

"काईच नाई म्हने. आयकलं अन् गेली." मग गोपाल म्हणाला, "आता लक्षात राह्यते का ते पाह्यतो."

खोकल्यामुळं सिस्टरचं जादा सत्र त्याच दिवशी लागलं होतं. मोतीराम पऱ्हाटी आडवी तुडवत घरी आला, आरतीला म्हणाला, पोरगी घे. आरतीनं तिला दुपट्यात गुंडाळून घेतलं. ती मागच्या बोळाकडं वळली, गुरांच्या कोठ्यावरून, जिथून कोणी पाहत नाही. मोतीराम तिथंच उभा राहिला.

"तिकून नाई. चौकातून."

चौकात पारावर नेहमीची मंडळी होती. मोतीराम पुढं, डोक्यात कापसाचं तूस, मागं आरती. एकानं विचारलं, कुठं निघाली स्वारी. मोतीराम म्हणाला, लशीले. दुसरा म्हणाला, "कावून भाऊ, उतरला का पारा?" सगळे हसले. सुगत दुकानाच्या दारात होता, तो हसला नाही, पण त्यानं मदतही केली नाही. मोतीरामला उत्तर सुचलं ते अंगणवाडी आल्यावर, आणि तेही फारसं चांगलं नव्हतं.

आत सिस्टर आणि चंदा, आणि रिकामी सतरंजी. सिस्टरनं मोतीरामला पाहिलं आणि निळ्या डब्याचं झाकण हातानं दाबून धरलं, जणू तो परत काहीतरी उचलून नेईल. तो खाली बसला. आरतीनं स्वराला मांडीवर आडवं घेतलं. सिस्टरनं शिशी काढली. रबरावर आधीच्या सुयांची भोकं दिसत होती.

"उघडेल हाये?" मोतीरामनं विचारलं.

सिस्टर सावध झाली. "परवा दुसऱ्या गावात उघडली. चालते काका. त्याच्यासाठीच तर ते असते आत."

"दाखवू नका," मोतीराम म्हणाला. "द्या."

स्वरा सुई लागल्यावर क्षणभर नुसती पाहत राहिली, मग तिनं सगळा श्वास वापरून रडायला सुरुवात केली. मोतीरामला तो आवाज चांगला वाटला. श्वासाला कुठं अडथळा नव्हता. त्यानं विचारलं, आता झालं ना? खोकल्याची काळजी नाही ना?

सिस्टरला पुन्हा तोच प्रसंग आला होता. तालुक्याचा साहेब तिच्या डोळ्यांपुढून जाऊन आला असावा. तिनं कापूस टाकला, सुई मोडली, आणि खरं तेच सांगितलं. की एक लस उशिरा झाली, आजची लगेच पुरी लागू होत नाही, पुढच्या महिन्यात अजून एक, तोवर खोकणाऱ्यांपासून दूर ठेवा.

"तोवर काय करावं?"

"लक्ष ठेवा," ती म्हणाली.

मग मोतीरामनं जे केलं त्याचा पुढं गावात बराच दिवस विनोद झाला. तो चंदासोबत घरोघर निघाला. त्याला वाटलं होतं, ज्या तोंडानं शब्द पसरला त्याच तोंडानं तो गोळा करता येईल. पहिल्या घरी विचारलं, सिस्टरनं काय देल्लं तुमाले? दुसऱ्या घरी, तवा खरं होतं ते आता खोटं कसं झालं? तिसऱ्या घरच्या म्हाताऱ्यानं त्याला पुरचुंडीचा सिद्धांत जसाच्या तसा ऐकवला, एकही शब्द न चुकता, आणि म्हणाला, याले जबाब द्या. तो सिद्धांत त्यानं फार मजबूत बांधला होता.

जाईबाईचं घर शेवटचं. ती त्याच्याच वावरात वेचायला यायची, आता नातीपायी घडीभर घरी आलेली. तिची नात स्वराच्याच वयाची. ती चुलीपुढून उठली नाही.

"तुमी म्हनलं नोको, म्या नाई नेली," ती म्हणाली. "आता म्हनता ने. तुमच्या पोरीले देऊन आले का?"

"आताच."

"चौकातून नेली म्हनतात."

"हो."

जाईबाईनं लाकूड आत सारलं. "पायतो," ती म्हणाली.

चंदानं त्याला सांगितलं की काका, तुम्ही आता घरी जा, तुम्ही सोबत असलात की लोक जास्त विचारतात.

पाऊस आला नाही. नुसतं भरून राहिलं. दिवस कलला तशा बाया गाठोडी घेऊन अंगणात आल्या, निंबाच्या फांदीला टांगलेल्या काट्यावर मोजायला. गोपालचा फोन मधे येऊन गेला होता: नळी तशीच आहे, पण मघापासून थांबलं नाही पोरगं. मोतीराम एकेकीचं गाठोडं अडकवी, चष्मा नीट करी, काटा स्थिर होईस्तोवर थांबे, वाचे. या कामात त्याची चूक आजवर कोणी काढलेली नव्हती.

जाईबाईचं गाठोडं लागलं आणि ओसरीवर स्वरा खोकली.

एकदाच. बारीक, कोरडा. मोतीराम काट्यापाशी तसाच राहिला. बायांनी माना ओसरीकडं वळवल्या. गाठोडं हळूहळू स्वतःभोवती फिरत होतं. दुसरा खोकला आला. त्याच्या मागून श्वास यायला हवा होता, आत ओढलेला, आणि तो कसा येतो ते आता अंगणात सगळ्यांना माहीत होतं. जाईबाईही ओसरीकडंच पाहत होती.

"ठसका व्हय, मामाजी. उरावर गेलं दूध," ओसरीवरून आरती म्हणाली. "पिऊन राहिली ती."

मोतीरामनं मान हलवली. कान ओसरीकडंच ठेवून काट्याकडं पाहिलं आणि वजन सांगितलं. ते होतं त्याहून किलोभर जास्त होतं.

जाईबाईला काटा वाचता येत होता, चूक तिलाही दिसली. तिनं गाठोडं खाली उतरवलं, गाठ सोडली, कापूस ढिगावर ओतला, आणि पुढच्या बाईला जागा दिली.